निगमन कुठलं, विगमन कुठलं आणि वादातली चूक नेमकी कुठे

प्रश्न सांगोल्याहून आला आहे. विचारणारे शाळेत शिक्षक आहेत आणि नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेच्या पहिल्या पेपरची तयारी करताहेत. ते लिहितात: ‘सामान्याकडून विशेषाकडे म्हणजे निगमन आणि विशेषाकडून सामान्याकडे म्हणजे विगमन, हे पाठ आहे. तरी सरावाच्या प्रश्नांत उत्तरं चुकतात. तर्कदोषांची नावंही पाठ आहेत. पण परवा घरच्या डाळिंबाच्या बागेवरून थोरल्या भावाशी वाद झाला. दादा म्हणाला, सप्टेंबरच्या शेवटी मी एक औषध फवारलं आणि पंधरा दिवसांत तेल्या रोग थांबला, म्हणजे औषध लागू पडलं. मला पटत नव्हतं, पण चूक काय ते सांगता आलं नाही. मॅडम, हे ओळखायचं कसं?’

सर, मी सोलापुरात अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवते. तुमच्या दोन्ही अडचणींचं मूळ मला एकच दिसतं. युक्तिवाद समोर आला की तुम्ही त्याचं रूप बघता: विधान सामान्य आहे का, विशेष आहे का, यादीतलं कुठलं नाव चिकटवता येईल. बघायचा असतो तो जोड, म्हणजे आधारविधानं निष्कर्षाला कितपत धरून ठेवतात ते. निगमन-विगमनातला फरकही तिथेच सापडतो आणि तर्कदोषही तिथेच असतो.

सगळ्यात आधी ती सामान्य-विशेषची व्याख्या बाजूला ठेवा. काही ठरावीक उदाहरणांना ती लागू पडते म्हणून पुस्तकांत टिकून राहिली आहे. परीक्षेत नेमकी तीच दगा देते. हे बघा: पुण्याहून सोलापूरला येताना टेंभुर्णी मोहोळच्या आधी लागतं, मोहोळ सोलापूरच्या आधी लागतं, म्हणून टेंभुर्णी सोलापूरच्या आधी लागतं. तिन्ही विधानं एकेका गावाबद्दलची आहेत, सामान्य विधान औषधालाही नाही. तरी हे निखळ निगमन आहे. पहिली दोन मान्य केल्यावर तिसरं नाकारायला जागाच राहत नाही.

आता उलटं घ्या. सोलापुरातल्या बहुतेक पद्मशाली घरांत तेलुगू बोलतात. शेजारच्या आजी पद्मशाली घरातल्या आहेत. म्हणून त्यांना तेलुगू येत असणार. सामान्याकडून विशेषाकडे गेलो, तुमच्या व्याख्येप्रमाणे हे निगमन ठरायला हवं. पण ‘बहुतेक’ हा शब्द सगळं बदलतो. दोन्ही आधारविधानं खरी असूनही आजींच्या घरी मराठीच बोलत असतील, हे शक्य आहे. म्हणून हे विगमन.

तिसरं उदाहरण थोडं अवघड आहे आणि परीक्षेत हमखास फसवतं. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात सोलापूरचे चार हुतात्मे फाशी गेले. मल्लप्पा धनशेट्टींना १९३० च्या सोलापूरच्या आंदोलनातल्या खटल्यात शिक्षा झाली होती. श्रीकृष्ण सारडांना त्याच खटल्यात झाली होती, कुर्बान हुसेनांना त्याच, जगन्नाथ शिंदेंनाही त्याच. म्हणून त्या चारही हुतात्म्यांना त्याच खटल्यात शिक्षा झाली होती. एकेका व्यक्तीवरून ‘सर्व’वर गेलो, तरी हे विगमन नाही. चौघांपैकी एकही मोजायचा राहिलेला नाही, त्यामुळे निष्कर्ष आधारविधानांच्या बाहेर पाऊल टाकत नाही. गणितातल्या विगमन-पद्धतीचंही असंच आहे. नावात विगमन असलं तरी ती सिद्धता पूर्णपणे निगामी असते: पहिल्या संख्येसाठी सिद्ध केलं, आणि एका संख्येसाठी खरं असेल तर पुढच्या संख्येसाठीही असतं हे सिद्ध केलं, की सर्व नैसर्गिक संख्यांसाठी निष्कर्ष अटळ होतो.

तर प्रत्येक युक्तिवादाला विचारायचा प्रश्न हा: आधारविधानं खरी आहेत असं घटकाभर धरलं, तर निष्कर्ष खोटा असण्याची एखादी तरी वाट उरते का? एकही उरत नाही असा दावा असेल तर तो निगामी युक्तिवाद. वाट उरते पण ती अरुंद आहे, निष्कर्ष खरा असण्याचीच शक्यता जास्त, एवढाच दावा असेल तर तो विगामी. निगमनात निष्कर्ष आधारविधानांतच दडलेला असतो, आपण तो उघड करतो. विगमनात आपण पाहिलेल्यावरून न पाहिलेल्याबद्दल बोलतो, त्यामुळे नवी माहिती मिळते आणि तिच्याबरोबर चुकण्याची शक्यताही येते.

यात ‘दावा’ हा शब्द मी मुद्दाम वापरते. लोक बोलताना विगामी गोष्टही ‘शंभर टक्के’ म्हणून ठोकून देतात. ‘गेल्या अनेक वर्षांत मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या पार गेलाय, या मेमध्येही शंभर टक्के जाणार.’ बोलणाऱ्याचा जोर बघून याला निगमन समजाल, तर ते फसलेलं निगमन ठरेल आणि एका चांगल्या विगमनावर अन्याय होईल. समोरच्याचा युक्तिवाद ज्या रूपात सर्वांत भक्कम उभा राहतो, त्याच रूपात तो वाचायचा, हा माझा पक्का नियम आहे. परीक्षेत ‘बहुधा’, ‘असावा’, ‘आजवर पाहिलेल्या’ असे शब्द आले तर ते विगमनाकडे बोट दाखवतात. पण शब्द हा नुसता इशारा असतो, निकाल जोडावरूनच द्यायचा.

निगमनात युक्तता आणि सत्यता यांची गल्लत फार होते, म्हणून तिथे थोडं थांबते. ‘सर्व नद्या कृष्णेला मिळतात. गोदावरी नदी आहे. म्हणून गोदावरी कृष्णेला मिळते.’ हा युक्तिवाद युक्त आहे. पहिलं विधान असत्य आहे, निष्कर्षही असत्य आहे, पण जोड अभेद्य आहे. आता हा बघा: ‘काही नद्या कृष्णेला मिळतात. भीमा नदी आहे. म्हणून भीमा कृष्णेला मिळते.’ तिन्ही विधानं खरी आहेत आणि युक्तिवाद अयुक्त आहे. वर्गात इथे दरवर्षी कुणीतरी अडतंच: ‘पण मॅडम, भीमा मिळतेच की कृष्णेला!’ मिळते, पण या दोन विधानांमुळे ते सिद्ध होत नाही. खात्री करायची असेल तर सांगाडा तोच ठेवून भीमेच्या जागी गोदावरी घाला. आधारविधानं खरीच राहतात आणि निष्कर्ष कोसळतो. सांगाडा तोच ठेवून आतला मजकूर बदलणं, हे अयुक्त निगमन पकडण्याचं माझ्या माहितीतलं सर्वांत उपयोगी साधन आहे. समोरच्यालाही ते पटकन पटतं, कारण त्यासाठी एकही पारिभाषिक शब्द लागत नाही.

जर-तरच्या वाक्यांत हे साधन जास्तच लागतं. ‘सोलापूर जिल्ह्यात पाऊस झाला तर उजनी धरणाची पातळी वाढते. उजनीची पातळी वाढली आहे. म्हणजे जिल्ह्यात पाऊस झाला.’ जो उजनीच्या पाण्यावर जगतो त्याला यातली चूक पुस्तकाशिवाय कळते. उजनी भरते ती मुख्यतः वर पुणे जिल्ह्यात, घाटमाथ्यावर कोसळलेल्या पावसाने. भीमा, मुळा-मुठा, इंद्रायणी यांचं पाणी खाली येतं आणि आपल्याकडे थेंबही पडलेला नसताना पातळी चढते. उत्तरांग (‘तर’नंतरचा भाग) खरं आहे म्हणून पूर्वांग (‘जर’चा भाग) खरं मानणं, हा तो दोष. त्याचाच जुळा भाऊ म्हणजे पूर्वांग खोटं आहे म्हणून उत्तरांग खोटं मानणं: ‘जिल्ह्यात पाऊस नाही, म्हणजे उजनी वाढणार नाही.’ युक्त रूपं दोनच: पूर्वांग खरं म्हणून उत्तरांग खरं, आणि उत्तरांग खोटं म्हणून पूर्वांग खोटं.

हे पाठ करून भागत नाही, हे इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ साली मांडलेल्या एका कोड्यातून दिसतं. मी ते शेंगाचटणीच्या डब्यांवर बेतून मुलांना घालते. दुकानदार सांगतो, ‘डब्यावर हिरवी चिठ्ठी असेल तर आतली चटणी बिनलसणाची असते.’ समोर चार डबे आहेत. पहिल्यावर हिरवी चिठ्ठी आहे, दुसऱ्यावर लाल. दोन्हींची झाकणं बंद. तिसरा आणि चौथा उघडे आहेत, पण त्यांची चिठ्ठीची बाजू भिंतीकडे आहे. तिसऱ्यातून लसणाचा वास येतोय, चौथ्यातली चटणी बिनलसणाची आहे. दुकानदाराचं म्हणणं खरं आहे का हे ठरवायला कोणते डबे तपासलेच पाहिजेत?

बहुतेक मुलं म्हणतात, हिरवी चिठ्ठीवाला आणि बिनलसणाचा. हिरवा बरोबर आहे. बिनलसणाचा डबा फिरवून काही हाती लागत नाही, कारण त्यावर लाल चिठ्ठी निघाली तरी नियम मोडत नाही; लाल डब्यांबद्दल दुकानदार काही बोललाच नव्हता. फिरवायचा तो लसणाचा वास येणारा डबा. त्यावर हिरवी चिठ्ठी निघाली तर नियम तिथेच मोडला. माणसाचं मन दाव्याला दुजोरा देणारी उदाहरणं शोधतं, दावा मोडू शकेल असा डबा फिरवायचं त्याला सुचत नाही. तुमच्या दादांच्या फवारणीत हाच लसणाचा डबा न फिरवता राहिला आहे.

आता दादांकडे येते. त्यांचा युक्तिवाद विगामी आहे, कार्यकारणाचा आहे. त्याला युक्त-अयुक्तचं माप लावायचं नाही. तो भक्कम आहे की कच्चा, एवढंच विचारायचं. तुम्ही अडकलात ते इथेच, असा माझा अंदाज आहे. तुम्ही ‘हे चूक आहे’ असं सिद्ध करायला गेलात आणि ते सिद्ध होईना, कारण औषध खरंच लागू पडलेलं असू शकतं.

कच्चेपणा दाखवायला न्यायशास्त्रातली, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातली, एक कल्पना फार कामाची आहे. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ ही व्याप्ती, म्हणजे कायम सोबत असण्याचा नियम, नैयायिक (न्यायशास्त्राचे जाणकार) मान्य करतात, पण ‘जिथे अग्नी तिथे धूर’ ही करत नाहीत. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. मग स्वयंपाकघरात अग्नीबरोबर धूर का दिसतो? सरपण ओलं असतं म्हणून. ओलं सरपण ही तिथली उपाधी, म्हणजे दोन गोष्टी सोबत दिसण्यामागची तिसरी, नजरेआड राहिलेली अट. दोन गोष्टी बरोबर दिसल्या की नैयायिक आधी विचारतात, इथे ओलं सरपण कोणतं?

दादांच्या बागेतलं ओलं सरपण शोधू. तेल्या हा जिवाणूजन्य रोग आहे. पावसाच्या थेंबांबरोबर तो झाडावरून झाडावर उडतो, पानं ओली राहिली की आत शिरतो, म्हणून पावसाळ्यात धरलेल्या मृग बहारात त्याचा जोर मोठा असतो आणि म्हणूनच तेल्याच्या पट्ट्यात पावसाळा संपताना धरायचा हस्त बहार धरायला सांगतात. सोलापूरकडे वर्षातला सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो आणि ऑक्टोबरात पाऊस माघारी जातो. दादांनी सप्टेंबरच्या शेवटी फवारलं, पंधरा दिवसांत नवे डाग यायचे थांबले. त्याच पंधरा दिवसांत पाऊसही थांबला असेल, तर पानं कोरडी राहू लागली, आणि फवारलं नसतं तरी नवे डाग कमी झालेच असते. श्रेय औषधाला द्यायचं की उघडिपीला, हे एवढ्या माहितीवरून ठरत नाही. ‘यानंतर घडलं, म्हणून याच्यामुळे घडलं’ हा तो दोष.

इथे अजून एक गोष्ट असते, ती पुस्तकांत क्वचित येते. शेतकरी महागडं औषध फवारतो कधी? रोग अगदी शिगेला पोचला की. शिगेला पोचलेली गोष्ट पुढे बहुतेकदा उतरतेच. घरगुती उपाय, अंगारे-धुपारे, ताप उतरवणारे काढे यांना मिळणाऱ्या श्रेयाचा मोठा भाग या उताराचा असतो. माणूस खोटं बोलत नसतो. त्याने उपाय केला आणि बरं वाटलं, हे दोन्ही त्याने स्वतः पाहिलेलं असतं.

मग ठरवायचं कसं? जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ साली सांगितलेली भेद-पद्धत अशी: बाकी सगळं सारखं ठेवून फक्त एकच गोष्ट बदलायची. बागेत याचा अर्थ काही ओळी फवारायच्या, काही सोडायच्या. पाणी, छाटणी, खत सगळ्यांना सारखं. आता जोड पुन्हा बघा. औषधामुळे तेल्या थांबत असेल, तर न फवारलेल्या ओळींत तो फवारलेल्यांपेक्षा जास्त दिवस चालू राहिला पाहिजे. हे जर-तरचं वाक्य निगमनातून आलं. दोन्हीकडे तो एकाच वेळी थांबला, तर उत्तरांग खोटं, म्हणून पूर्वांगही खोटं, म्हणजे श्रेय औषधाचं नाही. एका विगामी अंदाजाची तपासणी निगमनाने झाली, आणि हाच फिरवलेला लसणाचा डबा.

कोणत्या ओळी सोडायच्या हे दादांनी स्वतः ठरवू नये, एवढं मात्र त्यांना नक्की सांगा. माणूस नकळत बांधाकडच्या, आधीच मार खाल्लेल्या ओळी सोडतो आणि औषधाचा निकाल फुगतो. चिठ्ठ्या टाकाव्यात. रोनाल्ड फिशर १९१९ पासून इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करत होते, आणि प्रयोगातले वाफे चिठ्ठीने वाटून घेण्याचा आग्रह त्यांनी तिथूनच धरला. जमिनीतले जे फरक आपल्याला माहीतही नसतात, ते चिठ्ठीमुळे दोन्ही बाजूंना वाटले जातात. पुढे औषधांच्या वैद्यकीय चाचण्यांनीही हीच पद्धत घेतली. तेल्यासाठी किती ओळी मोकळ्या ठेवणं परवडेल हा खर्चाचा प्रश्न आहे, तो दादाच ठरवतील. रोग पसरू नये म्हणून त्या थोड्याच ठेवाव्या लागतील आणि त्यामुळे उत्तरही थोडं कमी खात्रीचं मिळेल, हेही मोकळेपणाने मान्य करायला हवं.

विगमनाच्या बाकी कसोट्या याच वळणाच्या आहेत. किती उदाहरणं पाहिली, ती किती वेगवेगळी होती, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कोणती उदाहरणं आपल्यापर्यंत पोचलीच नाहीत. फ्रान्सिस बेकन यांनी १६२० साली एक गोष्ट सांगितली आहे. एकाला देवळात नेऊन, नवस बोलून जहाज फुटण्यातून वाचलेल्या लोकांची चित्रं दाखवली आणि विचारलं, आता तरी देवाची शक्ती मानतोस का? तो म्हणाला, नवस बोलूनही बुडाले त्यांची चित्रं कुठे आहेत? निकालानंतर चौकाचौकांत लागणारे क्लासचे फलक बघताना मुलांनी हा प्रश्न विचारावा, अशी माझी तळमळ असते. फलकावर नव्वदच्या वरचे चेहरे असतात. त्याच क्लासमध्ये बसलेली बाकीची मुलं किती होती आणि त्यांचं काय झालं, हे कळल्याशिवाय ते चेहरे क्लासच्या शिकवण्याबद्दल फारसं काही सांगत नाहीत. पालक त्या फलकावरून वर्षाची फी भरतात.

आता तर्कदोषांकडे वळते, पण नावांच्या यादीने सुरुवात नको. वादात ऐनवेळी यादी आठवत नाही, आणि आठवली तरी चुकीचं नाव हाताशी येतं. त्याऐवजी एक सवय लावा: बोलणाऱ्याने गाळलेलं आधारविधान स्वतः लिहून काढा. रोजच्या बोलण्यात कुणी सगळी आधारविधानं सांगत नाही, एखादं तरी गृहीत असतं. ते कागदावर आणलं की दोष बहुतेकदा त्याच ओळीत उघडा पडतो.

‘तो काय सांगणार पाणीपट्टीबद्दल, त्याची स्वतःची थकबाकी आहे.’ गाळलेली ओळ: ज्याची थकबाकी आहे त्याने पाणीपट्टीबद्दल मांडलेला हिशेब चूकच असतो. लिहिल्याबरोबर कळतं की हे टिकणारं नाही. हिशेब बरोबर की चूक हे आकडे ठरवतील. व्यक्तीवर घसरण्याचा हा दोष. मात्र तोच माणूस ‘मी स्वतः पाहिलं’ अशी साक्ष देत असेल आणि त्याच्या शब्दापलीकडे दुसरा पुरावा नसेल, तर त्याचा खरेपणा, त्याचा स्वार्थ तपासणं हा दोष नाही. तिथे गाळलेली ओळ ‘हा माणूस विश्वासार्ह आहे’ ही असते आणि ती तपासायलाच हवी. एकच वाक्य एका जागी दोष आणि दुसऱ्या जागी रास्त शंका ठरतं. नावं पाठ करून हे कळणार नाही.

तज्ज्ञाच्या शब्दाचंही तसंच. डाळिंबाच्या रोगाबद्दल केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञाचं म्हणणं आधार म्हणून घेणं योग्य आहे. प्रसिद्ध हृदयरोगतज्ज्ञाने त्याच रोगाबद्दल काही सांगितलं तर त्याच्या पदवीचं वजन तिथे चालत नाही. आपण आयुष्यातल्या बहुतेक गोष्टी दुसऱ्याच्या सांगण्यावरूनच मानतो, त्यामुळे ‘हे आप्तवाक्य, म्हणजे नुसता जाणकाराचा शब्द आहे’ म्हणून सरसकट झटकणं हे मला शहाणपणाचं वाटत नाही.

अज्ञानावरून काढलेल्या निष्कर्षात बारकावा आणखी आहे. समजा कुणी म्हणालं, ‘नान्नजच्या अभयारण्यात या मोजणीत माळढोक दिसला नाही, म्हणजे सोलापूर जिल्ह्यात माळढोक उरलाच नाही.’ पुस्तक म्हणेल, न दिसणं हा नसण्याचा पुरावा नाही. मी एवढ्यावर थांबणार नाही. गाळलेली ओळ आहे: माळढोक असता तर तो या मोजणीत दिसलाच असता. ही ओळ कितपत खरी? पक्षी सुमारे मीटरभर उंच, गवताळ माळ उघडा, बघणारे सरावाचे. म्हणजे ही ओळ एखाद्या चिमुकल्या चिमणीच्या बाबतीत जितकी खरी असती, त्यापेक्षा इथे बरीच जास्त खरी आहे. उलट बाजूने, माळढोक अभयारण्याची हद्द जाणत नाही, तो आसपासच्या शेतांतूनही फिरतो, आणि मोजणी तिथे झालेली नसेल. तेव्हा ‘अभयारण्यात बहुधा नसावा’ इथपर्यंत जाता येईल, ‘जिल्ह्यात उरला नाही’ इथपर्यंत नाही. शोध जितका कसून, तितकं न सापडण्याला वजन.

बाकीचे दोष याच सवयीने भराभर सुटतात. ‘मराठी शाळा हवी की मुलांचं भलं हवं?’ यात ‘दोन्ही एकत्र मिळू शकत नाहीत’ ही ओळ गाळलेली असते. ‘नियम योग्य आहे, कारण तो नियमात बसतो’ यात गाळायला काहीच नसतं, निष्कर्षच आधार बनून आलेला असतो, हे चक्रक. ‘संघातला प्रत्येक खेळाडू उत्तम, म्हणून संघ उत्तम’ यात भागाचा गुण समूहाला येतोच असं गृहीत धरलेलं असतं. समोरचा म्हणाला ‘उसाला ठिबक करा’ आणि आपण उत्तर दिलं ‘म्हणजे तुम्हाला ऊसच बंद करायचाय’, तर आपण त्याच्या म्हणण्याला उत्तर दिलेलंच नाही. दोन अर्थांच्या शब्दावर खेळण्याला न्यायशास्त्र वाक्छल म्हणतं आणि त्याचं जुनं उदाहरण घोंगडीचं आहे: कुणी ‘हा नवकंबल आहे’ म्हणालं, म्हणजे याच्याकडे नवी घोंगडी आहे, ऐकणारा भांडायला उठतो की याच्याकडे नऊ घोंगड्या कुठे आहेत?

तर्कदोष सापडला म्हणजे निष्कर्ष खोटा ठरला, असं मात्र कधी समजू नका. भीमेचं उदाहरण आठवा: युक्तिवाद अयुक्त आणि निष्कर्ष खरा. दोष सापडला याचा अर्थ एवढाच की या आधारावर तो निष्कर्ष उभा राहत नाही. दुसरा आधार कदाचित असेल. तुमच्या दादांना ‘तुझं चुकलं’ असं सांगण्यासारखं तुमच्याकडे काही नाही. ‘हे औषधामुळे झालं की उघडिपीमुळे, हे कळायला पुढच्या बहारात चार ओळी सोडून बघू या का?’ एवढं विचारण्यासारखं आहे. घरात ते ऐकून घेतलं जाण्याची शक्यताही जास्त.

शेवटी तुमच्या पेपरपुरतं. पहिल्या पेपरमध्ये भारतीय तर्कशास्त्राचा वाटा आहे, त्यात हेत्वाभास, म्हणजे अनुमानात दिलेले सदोष हेतू (कारणं), येतातच. पाचही हेत्वाभास हेतूच्या जोडात काय बिघडलं यावरून लक्षात ठेवा. ‘पर्वतावर अग्नी आहे, कारण तो जाणता येण्याजोगा आहे’: जाणता येण्याजोगं तळंही असतं, तिथे अग्नी नसतो, हेतू इकडेही तिकडेही जातो, म्हणून सव्यभिचार. ‘शब्द (म्हणजे ध्वनी) नित्य आहे, कारण तो निर्माण होतो’: निर्माण होणं हे तर अनित्यतेचंच लक्षण, म्हणून विरुद्ध. एका हेतूने शब्द नित्य ठरवला आणि तेवढ्याच ताकदीच्या दुसऱ्या हेतूने अनित्य, तर सत्प्रतिपक्ष. ‘आकाशकमळ सुगंधी आहे, कारण ते कमळ आहे’: आकाशकमळ मुळात नाहीच, म्हणून असिद्ध. ‘अग्नी थंड आहे, कारण तो द्रव्य आहे’: हात लावला की कळतं, अनुमानापेक्षा प्रत्यक्ष बलवान ठरलं, म्हणून बाधित.

‘पर्वतावर धूर आहे, म्हणून तिथे अग्नी आहे’ असं अनुमान न्यायशास्त्र पाच अवयवांत मांडतं: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन (इथे निगमन म्हणजे नुसता निष्कर्ष). त्यातल्या तिसऱ्या अवयवाकडे जास्त लक्ष द्या. ‘जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात’ असं म्हणताना नैयायिक नियमही सांगतो आणि तो नियम जिथून उचलला ते पाहिलेलं ठिकाणही सांगतो. ‘हा पाश्चात्त्य निगमनासारखा की विगमनासारखा’ असा प्रश्न आला, तर एका बाजूला झुकणारं उत्तर अपुरं आहे. नियमापासून पर्वतापर्यंतची वाट निगमनाची आहे, स्वयंपाकघरापासून नियमापर्यंतची विगमनाची. पर्याय वाचताना आधी बघा की प्रश्न यातल्या कोणत्या वाटेबद्दल विचारतोय.